वंशावळ म्हणजे हक्काचा कागद
बायबलमधल्या पहिल्या इतिहास ग्रंथाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नुसती नावांची जंत्री, खुशाल गाळा, असं कुणीकुणी म्हणतं. रटाळ आहेत, मान्य. पण बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय बघा. बाबेलहून यरुशलेमेला परतलेल्या तीन याजक (पुरोहित) घराण्यांना वंशावळीच्या नोंदींत आपली नावं सापडली नाहीत, झालं, याजकपद गेलं! फक्त याजकांनी खायच्या परमपवित्र अन्नालाही बंदी. त्यातल्या एका घराण्याच्या मूळपुरुषाने तर बायकोच्या माहेरचं बर्जिल्लय हे नाव लावलेलं. म्हणजे हा प्रकार सातबाऱ्यासारखाच.

बायबलमधल्याच रूथच्या पुस्तकाची अखेर मात्र खट्याळ आहे. तिथे वंशावळ येते: पेरेस ते दावीद राजा, दहा पिढ्या, सगळे पुरुष. यादीत रूथचं नावही नाही. ती मवाबी, म्हणजे परक्या मवाब देशातली, आणि मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत प्रवेश नाही, असं बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा २३ वा अध्याय बजावतो. आणि दावीद तर तिचाच पणतू.