बडा घर, पोकळ वासा: लेडी जॉर्जियानाच्या रहस्यकथा आईला वाचून दाखवाव्यात का?

प्रश्न : वाचनवेडी_नाशिक

नमस्कार मंडळी. माझी आई ७४ वर्षांची आहे आणि रहस्यकथा हा तिचा जुना जिव्हाळ्याचा विषय आहे. मात्र रक्तपाताची आणि छळाची वर्णने आता तिला सोसवत नाहीत. रात्रीच्या जेवणानंतर मी तिला रोज अर्धा-पाऊण तास वाचून दाखवते. पुस्तक इंग्रजी असेल, तर वाचता वाचता मराठीत सांगत जाते. एका मैत्रिणीने रीस बोवेन यांची ‘हर रॉयल स्पायनेस’ ही मालिका सुचवली आहे. १९३० च्या दशकातील इंग्लंड, राजसिंहासनाच्या वारसांच्या यादीत चौतिसावी असलेली पण कफल्लक झालेली लेडी जॉर्जियाना रॅनॉख, आणि तिच्या वाटेत येणारे खून, असा एकंदर विषय असल्याचे तिने सांगितले.

माझ्या मनातून एक शंका मात्र जात नाही. जिला राणी चहाला बोलावते, जिच्या भावाचा स्कॉटलंडमध्ये किल्ला आहे आणि लंडनमध्ये बेलग्रेव्ह चौकासारख्या वस्तीत घर आहे, तिला गरीब कसे म्हणायचे? ही गरिबी केवळ शोभेची असेल तर आईला ती पटणार नाही, कारण महिनाअखेरीची ओढाताण तिने स्वतः वर्षानुवर्षे निभावली आहे. ज्यांनी ही पुस्तके वाचली आहेत त्यांनी कृपया सांगावे. पुस्तके क्रमानेच वाचावी लागतात का, हेही कळले तर बरे होईल.

उत्तर : पानोपानी

ताई, आपली शंका रास्त आहे; पहिले पुस्तक हातात घेताना माझ्याही मनात तीच होती. आतापर्यंत मी या मालिकेतील बारा पुस्तके वाचली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जॉर्जीची गरिबी ही उपासमारीची गरिबी नाही, हे आधीच मान्य करायला हवे. आपल्याकडे जिला ‘बडा घर, पोकळ वासा’ म्हणतात, ती ही अवस्था आहे. कथा १९३२ साली सुरू होते. तिच्या वडिलांनी, म्हणजे ड्यूकने, बरेचसे धन जुगारात उडवलेले असते, उरलेसुरले १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत जाते आणि ते स्वतःवर गोळी झाडून घेतात. किताब, किल्ला आणि लंडनचे घर हे सारे सावत्र भाऊ बिंकीकडे जाते आणि जॉर्जीला एकवीस वर्षे पूर्ण होताच तिचा भत्ता बंद होतो. तिचे शिक्षण म्हणाल, तर फ्रेंच बोलणे, मेजवानीला पाहुण्यांना मानाप्रमाणे बसवणे आणि राणीपुढे गुडघा नेमका किती वाकवायचा एवढेच. पोटापाण्याला उपयोगी पडेल असे त्यात काहीही नाही. उघडपणे नोकरी केली तर घराण्याची अब्रू जाते, आणि नोकरी नको असेल तर वडीलधाऱ्यांनी पसंत केलेल्या, तिला अजिबात न आवडणाऱ्या रोमानियाच्या राजपुत्राशी लग्न करावे लागते.

लंडनच्या त्या भल्यामोठ्या घरात ती नोकराचाकरांवाचून एकटीच राहायला येते. थंडीने कुडकुडत असताना खोलीतला विस्तव आपल्या हाताने पेटवण्याची वेळ तिच्यावर येते, आणि आजवर हे काम कोणीतरी पहाटे गुपचूप येऊन करून जात होते, याची तिला प्रथमच जाणीव होते. हॅरॉड्स या प्रसिद्ध दुकानात ती सौंदर्यप्रसाधने विकण्याची नोकरी मिळवते, पण तिची आईच गिऱ्हाईक म्हणून समोर येऊन उभी राहते आणि काही तासांतच ती नोकरी हातची जाते. मग ती घरे झाडून-पुसून देणारी एक संस्था काढते. जाहिरातीत ती मालकीण असते आणि प्रत्यक्षात फडके हातात घेऊन पलंगाखाली वाकणारीही तीच असते. ओळखीची माणसे येण्यापूर्वी काम उरकून तिला मागच्या दाराने निसटावे लागते. वाचताना आपल्यालाच तिची धाकधूक जाणवू लागते.

या गरिबीला मी शोभेची म्हणणार नाही, कारण संपूर्ण कथानक तिच्यावर उभे आहे. मोलकरणीच्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून बंद घरांतल्या गोष्टी जॉर्जीच्या नजरेस पडतात. आणि लेडी या किताबामुळे त्याच घरांच्या दिवाणखान्यातही तिला मानाने बसवले जाते. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दारांनी ये-जा करू शकणारी व्यक्ती रहस्यकथेत क्वचितच सापडते. पहिल्या पुस्तकातला खूनही याच पोकळ वाशाशी बांधलेला आहे. ड्यूकने आपला किल्ला जुगारात गमावला होता असा कागद घेऊन एक फ्रेंच माणूस येतो आणि थोड्याच दिवसांत तो जॉर्जीच्याच घरातील न्हाणीघराच्या टबात मृतावस्थेत सापडतो. संशय बिंकीवर आणि तिच्यावर येणे अपरिहार्य ठरते.

विनोदाचे म्हणाल, तर तो ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ या जातीचा आहे. किल्ल्यात बोचरे वारे शिरत असते आणि वहिनी फिग जेवणात व सरपणात काटकसर करत असते, पण शिष्टाचार तसूभरही ढळत नाही. जॉर्जीचे आईकडचे आजोबा लंडनच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेले साधे शिपाई आहेत. त्यांच्या छोट्याशा घरात तिला जी ऊब मिळते ती किल्ल्यात कधीच मिळत नाही, आणि तपासातला सर्वांत शहाणपणाचा सल्लाही बहुधा त्यांचाच असतो. आपल्या मातोश्रींना हे आजोबा नक्की आवडतील.

उत्तर : जुनी_बखर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र ही पडझड लेखिकेने कल्पनेतून आणलेली नाही, हे इतिहासाच्या बाजूने नोंदवावेसे वाटते. ब्रिटनमध्ये १८९४ साली मृताच्या मालमत्तेवर जो वारसा कर बसवला गेला, त्याचा सर्वोच्च दर सुरुवातीला ८ टक्के होता. १९१९ मध्ये तो ४० टक्क्यांवर आणि १९३० मध्ये ५० टक्क्यांवर गेला. महायुद्धात बाप आणि मुलगा पाठोपाठ गेलेल्या घराण्यांना हा कर लागोपाठ भरावा लागला आणि अनेकांना जमिनी विकाव्या लागल्या. त्यातच थोरल्या मुलाकडेच सर्व काही जाण्याची प्रथा असल्याने मुलींच्या वाट्याला नावाआधीचा ‘लेडी’ एवढाच शब्द उरत असे. त्याच सुमारास देशात पंचवीस लाखांहून अधिक लोक बेकार होते, आणि लेखिकेने हे नजरेआड केलेले नाही; जॉर्जी बेकारांना सूप वाटण्याच्या कामालाही जाते.

एका ठिकाणी मात्र लेखिकेने मोकळीक घेतली आहे. जॉर्जी ही व्हिक्टोरिया राणीची पणती दाखवली आहे आणि तिची आजी ही राणीची एक कन्या. राणीला प्रत्यक्षात पाच मुली होत्या आणि त्यांत ही कन्या नाही. पण त्यांपैकी लुईझ हिचे लग्न १८७१ साली खरोखरच स्कॉटलंडमधील आर्गाइलच्या ड्यूकच्या वारसाशी झाले होते आणि त्या जोडप्याला अपत्य नव्हते. त्यामुळे असे एखादे स्कॉटिश घराणे वाचकाला अशक्य वाटत नाही, आणि ही योजना मला फार आवडली.

मालिकेतली मेरी राणी, म्हणजे तेव्हाच्या पंचम जॉर्ज राजाची पत्नी, हे माझ्या मते सर्वांत जिवंत पात्र आहे. युवराज एडवर्ड आणि त्याची प्रेयसी मिसेस सिंप्सन यांच्यावर नजर ठेवायला ती जॉर्जीला पाठवते. ही मुलगी पैशाने किती अडलेली आहे याची तिला कल्पनाही येत नाही. खरी गंमत अशी की या राणीचे माहेरही कर्जबाजारी होते. देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळे तिच्या आईवडिलांना १८८३ साली खर्च कमी करण्यासाठी इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहावे लागले होते, आणि तेव्हा ती सोळा वर्षांची होती. हे ठाऊक असले म्हणजे राणी आणि जॉर्जी यांच्यातल्या चहाच्या प्रसंगांना वेगळीच खोली येते. हीच मेरी राणी पंचम जॉर्ज राजासोबत २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत अपोलो बंदरावर उतरली होती, आणि त्याचीच आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले. आपल्या मातोश्रींना हे आवर्जून सांगावे.

एक गोष्ट मनापासून लिहितो. पहिल्या पुस्तकाचे साल १९३२ आहे. त्याच वर्षी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते आणि सप्टेंबरमध्ये पुणे करार झाला. राजवाड्यातल्या चहाचे वर्णन वाचताना माझ्या मनात ते येतेच. त्यामुळे जॉर्जीविषयीची माया कमी होत नाही, पण तिच्या भोवतालच्या वैभवाकडे मी भारावून पाहू शकत नाही.

उत्तर : तर्कशुद्ध_६१

मालिका मलाही प्रिय आहे, पण दुसरी बाजू समोर यायला हवी. केवळ कोडे म्हणून पाहिले तर सर्व पुस्तके सारख्याच ताकदीची नाहीत. पहिल्या पुस्तकात प्रेत सापडायला बराच वेळ लागतो आणि तोवर घर, नाती व ओळखी यांतच पाने जातात. ज्यांना पहिल्या दहा पानांत खून हवा असतो त्यांनी हे आधी जाणून घ्यावे. याउलट ‘द ट्वेल्व्ह क्लूज ऑफ ख्रिसमस’ या सहाव्या पुस्तकाची बांधणी मला सर्वांत नेटकी वाटते. डेव्हनमधल्या एका खेड्यात नाताळच्या दिवसांत रोज एक मृत्यू होतो आणि प्रत्येक वेळी तो साधा अपघातच वाटतो. धागे मात्र वाचकासमोर प्रामाणिकपणे ठेवलेले आहेत.

क्रम पाळावा असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण खून हे नसून डार्सी ओमारा आहे. जॉर्जीचा जीव जडलेला हा आयरिश उमरावाचा मुलगा तिच्याइतकाच कफल्लक आहे आणि धर्माने कॅथलिक आहे. १७०१ च्या कायद्याप्रमाणे कॅथलिकाशी लग्न करणाऱ्याचा सिंहासनावरील हक्क जात असे, आणि १७७२ च्या कायद्याप्रमाणे राजवंशातील व्यक्तीला लग्नासाठी राजाची संमती लागत असे. हा पेच अनेक पुस्तकांतून हळूहळू सुटत जातो आणि मधूनच वाचायला घेतल्यास त्यातली उत्कंठा हरवते.

प्रश्नकर्ती : वाचनवेडी_नाशिक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एकच विचारायचे आहे. मैत्रिणीने क्वीनी नावाच्या एका धांदरट मोलकरणीचा उल्लेख केला होता. गरीब मुलीच्या अडाणीपणावर हसायला लावणारा विनोद आईला आवडत नाही. तिथे काही खटकेल का?

उत्तर : पानोपानी

क्वीनी चौथ्या पुस्तकात, ‘रॉयल ब्लड’मध्ये येते. जॉर्जीला परदेशी लग्नसमारंभाला जायचे असते, सोबत दासी नसेल तर शोभणार नाही, आणि पगार द्यायला पैसे नाहीत; म्हणून आजोबांच्या शेजारणीच्या नात्यातली ही मुलगी तिला मिळते. ती इस्त्री करताना मखमली पोशाखाची नासाडी करते आणि मालकिणीला कितीही शिकवले तरी ‘मिस’ म्हणूनच हाक मारते. सुरुवातीच्या एक-दोन प्रसंगांत मलाही थोडे अवघडल्यासारखे झाले, हे प्रांजळपणे सांगतो. पण क्वीनी कोणाला घाबरत नाही आणि कोणापुढे लाचार होत नाही. ती अडचणीत घाबरून पळत नाही आणि पुढच्या पुस्तकांत तर तिच्या हाताला स्वयंपाकाची, विशेषतः गोड पदार्थांची, उत्तम चव असल्याचे उघड होते. लेखिकेने तिला वाढू दिले आहे. मातोश्रींना वाचून दाखवताना इस्त्रीचा प्रसंग सावकाश वाचावा, कारण त्यात जॉर्जीचाही पुरता गोंधळ उडतो. तिच्याकडे दुसरा पोशाख घ्यायला पैसे नसतात.

प्रश्नकर्ती : वाचनवेडी_नाशिक

काल रात्री पहिल्या पुस्तकाची दोन प्रकरणे वाचून झाली. अपोलो बंदराची हकिकत आईला आधीच सांगितली होती, त्यामुळे मेरी राणी कधी येणार हे तिने दोनदा विचारले. किल्ल्यातल्या थंडीचे वर्णन चालू असताना तिने मला मध्येच थांबवले आणि म्हणाली, “भाऊ तसा वाईट दिसत नाही गं, पण घरातला कोळसा वहिनीच मोजून देत असणार.” फिगची नीट ओळख अजून व्हायचीच होती. आज तिसरे प्रकरण घेणार आहोत.