प्राण्यांसाठी काम करणारा तुमचा गट: आठवणी, फजित्या, चुका (अनुभव धागा)

पावसाळी_छत्री
काल माळा आवरत होते. जुन्या चादरींच्या गाठोड्यात एक वही निघाली, ओल लागून फुगलेली, आत माझंच अक्षर. "काळी. शेपटीचं टोक पांढरं. पिल्लं पाजतेय, आत्ता नको." वाचलं आणि तिथेच बसले, माळा राहिला तो राहिलाच.

आमचा गट सुरू झाला तेव्हा आम्ही सहा जण होतो, एक पिंजरा, तोही उसना. पहाटे वही घेऊन फिरायचं आणि गल्लीतली कुत्री मोजायची. किती माद्या, किती नर, कोणाची नसबंदी झालीय. भूल दिलेली असतानाच कानाला खाच पाडतात म्हणजे लांबून कळतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच नको म्हटलं. कशाला बिचारीचा कान विद्रूप करायचा, आपल्याकडे वही आहे ना! फार शहाणी होते मी.

काळीचं ऑपरेशन झालं, टाके भरले, सोडली. पाचसहा महिन्यांनी ती जागा बदलून पलीकडच्या रस्त्यावर गेली. तिथे आमच्याचपैकी एक नवीन मुलगा काम बघायचा, त्याने पकडून नेली. डॉक्टरांनी पोट उघडलं, गर्भाशय शोधत बसले, नाहीच. परत शिवली. दुसऱ्यांदा तेच सगळं, कशासाठी, तर माझ्या हौसेसाठी. मी बघायला गेले तर पिंजऱ्यात पडल्या पडल्या शेपटी हलवली तिने. चिडली असती तर बरं वाटलं असतं मला.

तर तुमचेही अनुभव लिहा. नुसते गोड गोड नकोत.

नुसताच_वाचक
थांबा थांबा. म्हणजे तो कान भांडणात फाटलेला नसतो??? मी इतकी वर्षं आमच्याकडच्या कुत्र्यांना गुंड समजतोय.

दीडशहाणी
@नुसताच_वाचक 😂😂 सगळ्यांचा एकाच बाजूचा एकाच मापाचा कान कसा फाटेल हो भांडणात

नुसताच_वाचक
मला वाटलं एकच कोणीतरी दादा कुत्रा असेल, सगळ्यांचे कान चावणारा.

रात्रपाळी
आमचा गट मांजरांचा त्यामुळे कुत्रेवाल्यांना आमचे हाल कळणार नाहीत. मांजर पकडायचं म्हणजे आदल्या दिवशीपासून त्या भागातल्या सगळ्या खायला घालणाऱ्यांना हातापाया पडून सांगायचं की आज घालू नका, ती भुकेली असली तरच पिंजऱ्यात शिरेल, आणि सगळे हो हो म्हणतात आणि एक आजोबा गुपचूप घालतातच. मग आपण रात्री दोन वाजता गाडीमागे दबा धरून आणि मांजर पिंजऱ्याच्या टपावर बसून अंग चाटतंय. एक बोका होता, त्याचं ऑपरेशन कधीच झालेलं, पण पिंजऱ्यातलं खाणं फुकटचं आहे हे त्याला समजलं होतं, एका आठवड्यात तीनदा तोच अडकला. तिसऱ्यांदा तर दार पडल्यावर घाबरलासुद्धा नाही, खाऊन झोपला आत. हां आणि पकडल्याबरोबर पिंजऱ्यावर चादर टाकायची, अंधार झाला की शांत होतात, नाहीतर जाळीवर नाक आपटून घेतात. छत्रीताई तुमच्या त्या चादरी टाकू नका, पाठवा इकडे

शेपटीवाली
धागा वाचायला वेळ नाही, नंतर वाचते, पण इथे मांजरवाले आहेत म्हणून विचारते. अर्जंट आहे. आज संध्याकाळी एक मनी पकडली, उद्या सकाळी ऑपरेशन. पिंजऱ्यातून मोठ्या बास्केटमध्ये घेताना निसटली आणि आता सोफ्याच्या खाली नाही, सोफ्याच्या आत गेलीय. खालचं कापड फाटलेलं होतं तिथून. काय करू

रात्रपाळी
@शेपटीवाली हात घालू नकोस!!! खोलीचं दार खिडक्या बंद कर, लाईट बंद, सगळ्यांना बाहेर काढ. खायला ठेवू नकोस, उद्या भूल आहे ना.

कुंपणावरचा
मी वेगळं लिहितो. मला कुत्री आवडत नाहीत, भीती वाटते. लहानपणी चावलाय. या गटात मी शिरलो तो भांडायला, रात्रीच्या भुंकण्याची तक्रार घेऊन. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले नसबंदी झाली की माजावरच्या मादीमागची भांडणं कमी होतात, आवाजही कमी होईल, पण आमच्याकडे हिशेब ठेवायला माणूस नाही. तेव्हापासून मी यांचा एक्सेल आहे. कुठली कुत्री कधी नेली, लस कधी, पुढची कधी, कोणाकडे पिंजरा आहे (हा प्रश्न सगळ्यात अवघड). अजूनही कुत्रं जवळ आलं की मी गाडीत जाऊन बसतो, सगळ्यांना माहितीये, कोणी हसत नाही. म्हणजे हसतात पण प्रेमाने.

भुंकणं खरंच कमी झालं का असं विचाराल तर हो, पण सगळी झाल्यावर. निम्म्यांची करून थांबलो तेव्हा काही फरक पडला नाही. रेबीजच्या लसीचंही असंच असतं म्हणे, भागातल्या दर १०० कुत्र्यांमागे ७० ना लस असेल तर साखळी तुटते. म्हणून मी पहिलं गाव, सॉरी, पहिला भाग पूर्ण झाल्याशिवाय दुसरा उघडू देत नाही. यावरून मला हिटलर म्हणतात.

दीडशहाणी
@कुंपणावरचा आमच्या गटाला उसने द्या ना तुम्हाला. आमच्याकडे व्हॉट्सॲपवर ८६ मेंबर आहेत. जखमी कुत्र्याचा फोटो आला की ८५ रडणारे स्मायली आणि "कोणीतरी प्लीज जा". ते कोणीतरी म्हणजे मी. गेल्या वेळी मी ग्रुपचं नावच बदलून "कोणीतरी" ठेवलं तर दोघं रागावून निघून गेले, आता ८४.

गोगलगाय
काळीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. छत्री, मी पण सांगते मग. कोणाला सांगितलेलं नाही फारसं.

मी फॉस्टर करायचे, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत पिल्लं घरी सांभाळायचे. एका ठिकाणाहून चार पिल्लं आली, जुलाब, उलट्या, दोन दिवसांत चारही गेली. पार्वो, कुत्र्यांचा विषाणूचा आजार. मी रडले, खोली फिनेलने तीन तीनदा पुसली, खोकं धुऊन उन्हात ठेवलं. महिन्याने दुसरी तीन पिल्लं घेतली, त्यांचं अजून लसीकरण व्हायचं होतं. त्याच खोलीत. मला माहीतच नव्हतं की तो विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनेलने मरत नाही, ब्लीच लागतं. तीनपैकी एक वाचला. ज्या दोघी गेल्या त्या मी नेल्या म्हणून गेल्या, रस्त्यावर कदाचित जगल्या असत्या. सगळे म्हणायचे तू किती करतेस गं, आणि मला ते ऐकवायचं नाही.

त्यानंतर मी पिल्लं घेणं बंद केलं. आता म्हातारी कुत्री घेते, लस झालेली. वाचलेला तो इथेच आहे, माझी चप्पल खातोय.

पावसाळी_छत्री
गोगलगाय, अगं. काय बोलू. जवळ असतीस तर नुसती येऊन बसले असते.

सुईदोरा
व्हेट आहे, दोन ऑपरेशनच्या मध्ये टाइप करतोय.

गोगलगाय, हे आम्हीसुद्धा दरवेळी नीट सांगत नाही. घरी नेणाऱ्याला गोळ्यांची चिठ्ठी देतो, फरशी कशाने पुसायची ते सांगायचं राहून जातं. चूक आमचीही असते.

आणि वरच्या काळीबद्दल: उघडून काहीच न सापडणं मी स्वतः केलंय, एकदा नाही. त्या वेळी टेबलाशी जी शांतता होते ती फार वाईट. आता खाच नसेल तर पोटावरचे केस काढून जुना व्रण आहे का ते आधी बघतो, पण चांगले भरलेले टाके वर्षभराने शोधूनही सापडत नाहीत.

एक विनंती. मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धीही नाही, पावही नाही. त्यांच्या यकृताला ती पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहायचं बंद करतं, हिरड्या तपकिरी पडतात. मागच्याच महिन्यात फार प्रेमाने दिलेली गोळी बघितली मी.

दीडशहाणी
डॉक्टर, सापडलेल्या मांजरीच्या पिल्लांना गाईचं दूध चालतं का? आमच्याकडे यावरून गट फुटलाय, अक्षरशः

सुईदोरा
नाही. जुलाब होतात. पिल्लांसाठीचं वेगळं पावडरचं दूध मिळतं ते. आणि गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. पालथं ठेवून पाजा, माणसाच्या बाळासारखं उताणं नको, छातीत जातं. त्याहून आधी म्हणजे उचलूच नका, आई खायला शोधायला गेलेली असते. लांब थांबून वाट बघा. येतो, पुढची आत घेतली.

रात्रपाळी
उचलूच नका याला +१००. लोक खोकं घेऊन दारात उभे, "अनाथ आहेत हो", आणि आई तिकडे सगळ्या गल्लीत ओरडत फिरतीये. आम्ही परत नेऊन ठेवली तर तिने एकेक करून तोंडात धरून नेली, आमच्याकडे असं बघितलं की बास

चष्मिष
आमचं काम शाळांत जाऊन बोलायचं. कुत्रं दिसल्यावर पळायचं नाही, डोळ्यात बघायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, घरी खरं सांगायचं आणि दवाखान्यात जायचं, सगळी इंजेक्शनं घ्यायची, मधली चुकवायची नाहीत. मी त्यांना जोसेफ माइस्टरची गोष्ट सांगतो, ९ वर्षांचा मुलगा, पिसाळलेल्या कुत्र्याने चावे घेतलेले, ६ जुलै १८८५ ला पाश्चरने त्याला लस द्यायला सुरुवात केली आणि तो वाचला. पोरं एकदम चिडीचूप. मग एकाने हात वर केला. मला वाटलं लसीबद्दल विचारणार. म्हणाला, "आणि त्या कुत्र्याचं काय झालं?"

मी तेव्हापासून हाच विचार करतोय. २८ सप्टेंबरला, म्हणजे पाश्चर गेला तो दिवस, जागतिक रेबीज दिन असतो, दरवर्षी त्या शाळेत जातो आणि दरवर्षी कोणीतरी हाच प्रश्न विचारतं.

नुसताच_वाचक
१५ मिनिटं?? मी तर दोन मिनिटात आवरतो सगळी आंघोळ.

दीडशहाणी
ते कळलं आम्हाला.

हळदीचा_हात
मी गटात नाही पण सासूबाई आहेत. म्हणजे आधी त्या विरोधी पक्षात होत्या, जावई कुत्र्यांच्या मागे फिरतो म्हणून लेकीला रोज बोलायच्या. मग एकदा जावई आजारी पडला आणि त्याच्या भागातल्या कुत्र्यांना खायला घालायला कोणीच नव्हतं, या गेल्या दोन दिवस. आता सहा वर्षं झाली. सगळ्यांना नावं आहेत आणि सगळी नावं आमच्या नातेवाइकांची आहेत. परवा फोनवर सांगत होत्या, "सुमनला खरूज झालीय आणि सुमन चावते आजकाल", मी सुमनमावशींना भेटायला जायचं रद्दच केलं होतं

कुंपणावरचा
😄 @हळदीचा_हात सुमनला लस कधी दिलीय ते विचारून सांगा. कुत्रीला.

गोगलगाय
हसले. खूप दिवसांनी. थँक्यू सासूबाईंना सांगा.

शेपटीवाली
पावणेबारा. अजून सोफ्यात. आतून आवाज येतोय म्हणजे जिवंत आहे. नवरा म्हणतोय सोफा उलटा करूया.

रात्रपाळी
नाही!! स्प्रिंगमध्ये अडकेल. त्या फाटलेल्या भोकासमोर पिंजऱ्याचं तोंड लावून ठेव, वर चादर, मागे अंधार. बाकी सगळीकडून उशा लाव. आणि झोपायला जा, तू समोर बसलीस तर ती येणार नाही.

पावसाळी_छत्री
@नुसताच_वाचक तुम्ही वर विचारलं नाहीत पण कोणीतरी व्यनि केलाय म्हणून इथेच लिहिते. काळी त्यानंतर बरीच वर्षं होती. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी खाच पाडली तिला. मला बघून शेवटपर्यंत यायची, मीच आधी आधी रस्ता बदलायचे. वहीत तिच्या नावापुढे नंतर कोणीतरी वेगळ्या अक्षरात "झालीय! परत नेऊ नका!!" लिहिलंय, दोनदा अधोरेखित. तो नवीन मुलगाच असणार. तोच आता गट चालवतो.

चष्मिष
वही जपून ठेवा. स्कॅन करा.

कुंपणावरचा
एक्सेलमध्ये टाकून देतो मी, पाठवा.

शेपटीवाली
सव्वादोन. आली बाहेर.
पिंजऱ्यात नाही. पडद्याच्या दांडीवर आहे.