मदत हवी आहे : ट्रकच्या जुन्या हेडलाईटमध्ये प्रोजेक्टर बसवावा का?

नमस्कार मंडळी,

मी घाटकोपरला राहतो. वडील, म्हणजे आमचे आबा, अजून स्वतः गाडी चालवतात. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो भरून वाशी मार्केटला, आठवड्याला चार फेऱ्या, सगळ्या रात्रीच्या. गाडी सहाचाकी, दहा वर्षांची, 24 व्होल्टची, म्हणजे 12-12 च्या दोन बॅटऱ्या. बल्ब एच4, 75/70 वॉट. हेडलाईटची काच जुन्या पद्धतीची, उभ्या रेघांची.

गेल्या महिन्यात कसारा घाट उतरून खर्डी ओलांडल्यावर कडेला एक बंद पडलेला टेम्पो उभा होता. मागचा लाईट नाही, नुसते दगड मांडलेले. आबांना दगड दिसले तेव्हा जेमतेम तीस फूट उरले होते आणि गाडी भरलेली. उजवीकडची लेन मोकळी होती म्हणून निभावलं. आबा घरी काही बोलले नाहीत, मला क्लीनरकडून कळलं. तेव्हापासून गाडी निघाली की मला झोप लागत नाही.

रविवारी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन आलो. एका दुकानात प्रोजेक्टरचा, म्हणजे पुढे भिंग असलेल्या लाईटचा सेट दाखवला, फिटिंगसकट 9,500 रुपये सांगितले. दुकानदाराने समोरच्या शटरवर लाईट मारून दाखवला. डिपरला (खालच्या लाईटला) वर काळोख, खाली उजेड, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. ती रेघ डावीकडे सपाट होती आणि उजवीकडे वर चढत गेलेली. हे बरोबर आहे का? सेट 12 व्होल्टचा आहे, पण दोनपैकी एका बॅटरीवरून लाईन घेऊ म्हणाला. काच आहे तीच राहील म्हणाला. मला यातलं फार कळत नाही. पैशांपेक्षा आबांना नीट दिसावं आणि समोरच्याच्या डोळ्यांवरही येऊ नये, एवढंच हवंय. घाटात समोरून डोळ्यांवर लाईट आला की काय होतं ते आबांकडून लहानपणापासून ऐकत आलोय.

प्रतिसाद – जुना वायरमन, कळंबोली

दादा, तो सेट घेऊ नका. चढती रेघ उजवीकडे, म्हणजे तो माल रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशांसाठीचा आहे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे रेघ डावीकडे चढायला हवी, म्हणजे कडेचा माणूस, दगड, पाटी लांबून दिसते. तुम्ही पाहिलात तो सेट नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल.

रेघांच्या काचेमागे प्रोजेक्टर लावून उपयोग नाही. प्रोजेक्टरमध्ये बल्बपुढे एक पत्रा असतो, तो वरचा उजेड अडवतो आणि पुढचं भिंग ती कड रस्त्यावर उमटवतं. अप्परला (लांबच्या लाईटला) तो पत्रा खाली पडतो. पुढे रेघांची काच आली की ती कड फुटते आणि उजेड चहूकडे पसरतो. त्याला साधी सपाट काचच लागते.

एका बॅटरीवरून 12 व्होल्ट तर कधीच घेऊ नका. ती बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात. 24 व्होल्टचाच सेट घ्या, नाहीतर 24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर टाका.

पण त्याआधी एक करा. इंजिन चालू ठेवून, लाईट पेटलेला असताना मल्टिमीटरने बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज बघा. जुन्या गाडीत सगळा करंट बारीक वायरीतून स्विचपर्यंत जाऊन परत येतो. हॅलोजनला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ 30 टक्के घटतो. आमच्याकडे प्रोजेक्टर मागायला येणाऱ्या निम्म्या गाड्यांचं दुखणं हेच असतं.

प्रतिसाद – नाशिक लाईन

मीही रात्रीचाच ड्रायव्हर. पांढरा-निळा लाईट इगतपुरीच्या धुक्यात आणि पावसात उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो, त्या भानगडीत पडू नका. आणि पासिंगचं, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीचं ध्यानात ठेवा. तुमच्या गाडीला आठ वर्षं उलटलीत, म्हणजे दरवर्षी जावं लागणार. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी आबांना घेऊन मोजलं. बॅटरीवर 27.8, होल्डरवर 24.1. होल्डर काढला तर एक पिन काळी पडून प्लॅस्टिक वितळलेलं. आबा नुसतं बघत राहिले, म्हणाले, "हे असं किती दिवस चालवलं मी?"

ओळखीच्या मिस्त्रीकडून दोन्ही बाजूंना रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) टाकून बॅटरीवरून थेट जाड वायर ओढली, अर्थिंग नवीन केलं, चिनी मातीचे होल्डर बसवले. आता होल्डरवर 27.2 येतात. डावा रिफ्लेक्टर आतून काळवंडला होता, म्हणून तो हेडलाईट पूर्ण बदलला, कंपनीचाच. प्रोजेक्टर सध्या नाही.

काल रात्री आबा फेरी करून आले. खर्डीच्या त्याच वळणावर कडेचा पांढरा पट्टा दूरवर दिसत होता म्हणाले. एवढंच बोलले, पण चहा पिताना दोनदा बोलले.

आता एकच अडचण. गाडी भरली की मागून बसते आणि उजेड वर जातो. फोकस रिकाम्या गाडीवर सेट करायचा की भरलेल्या?

प्रतिसाद – जुना वायरमन, कळंबोली

भरलेल्या. टायरची हवा बघून गाडी सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर उभी करा. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा आणि डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या 15 सेंटीमीटर खाली आणा. एका वेळी एकच हेडलाईट, दुसऱ्यावर पोतं टाकायचं. रिकामी परतताना उजेड थोडा जवळ पडेल, तेव्हा आबांना वेग कमी ठेवायला सांगा.