जिओलॉजीवाल्यांनी ईआयए कन्सल्टन्सीत जावं का? माझं मत – जावंच

माणदेशी_भूजल

शेजारच्या काकूंची मुलगी जिओलॉजीत एमेस्सी करतीय, शेवटचं वर्ष. परवा घरी आली आणि म्हणाली दादा, कॉलेजात सगळे सांगतात एन्व्हायर्नमेंटल कन्सल्टन्सी म्हणजे कॉपी-पेस्टचं काम, तिकडं जाऊ नको, जीएसआयची (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची) परीक्षा दे नाहीतर सरळ बँकेची दे. मी बारा वर्षं हेच काम करतोय, खाण-कारखान्याला मंजुरी मिळण्याआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा रिपोर्ट (ईआयए) करायचं, ऐकून वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

माझं म्हणणं असं की आपली पोरं यात आली नाहीत तर जमिनीखालचं बघणार कोण? हवा, आवाज, झाडं-पाखरं, सगळ्याला टीममध्ये माणूस असतो, आणि खडक-पाण्याचा चॅप्टर मात्र कागदावर एकाच्या नावानं आणि प्रत्यक्षात कुणीतरी जुन्या रिपोर्टवरनं ओढलेला.

एक प्रसंग सांगतो. दगडखाणींचा क्लस्टर होता, मिळून पाच हेक्टरच्या वर, म्हणजे ईआयए आणि जनसुनावणी दोन्ही आलं. माझ्याकडं ड्राफ्ट आला त्यात लिहिलेलं की खाणीचा विहिरींवर परिणाम ९५ मीटरपर्यंतच जाईल. हे आलं कुठनं तर सिचार्टच्या सूत्रातनं, पाणी किती मीटर उतरणार गुणिले ३००० गुणिले पारगम्यतेचं (जमिनीतनं पाणी किती वेगानं जातं त्याचं) वर्गमूळ. अहो ते सूत्र वाळू-गाळाच्या एकसारख्या जमिनीसाठी, आपल्या बेसॉल्टात, म्हणजे काळ्या पाषाणात, पाणी थराथरानं आणि भेगाभेगांनी चालतं. एप्रिलअखेरीला मी स्वतः गेलो. जुन्या खाणीच्या भिंतीत काळ्या पाषाणाखाली मऊ, पाझरत्या मांजऱ्या खडकाचा हातभर थर उघडा पडलेला आणि त्यातनं भर उन्हाळ्यात पाणी ठिबकत होतं, खाली भिंतीला हिरवं शेवाळ धरलेलं. चढाच्या बाजूला ४०० मीटरवर एक विहीर, तिच्यात तोच थर सहा मीटरवर, आणि पाणी त्याच्याही खाली बसलेलं. लेव्हल लावून दोन्हीकडची उंची मोजली, जुळली. तिथल्या आजी म्हणाल्या, "खाण खाली गेली तशी हीर बसली." त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते सूत्राला कळलं नव्हतं. शेवटी नवा विस्तार त्या थराच्या वरच थांबवायचा असं रिपोर्टात गेलं, मालक चिडला, पण अट मंजुरीत आली.

हे काम जिओलॉजिस्टशिवाय होणार नव्हतं. म्हणून म्हणतो, जा.

सोडून_दिलं_२०१९

दादा तुमच्याबद्दल आदर आहे पण तुम्ही बारा वर्षांतला एक चांगला दिवस सांगितलात. मी तीन वर्षं केलं आणि सोडलं, माझे बाकीचे दिवस कसे होते ते सांगतो. मार्चमध्ये जॉइन झालो, बेसलाइनचे (प्रकल्पाआधीची स्थिती मोजायचे) तीन महिने चालू, मला दहा किलोमीटरच्या स्टडी एरियातल्या आठ विहिरींचे सॅम्पल आणायला पाठवलं. दोन विहिरी कोरड्या होत्या. फोन केला तर साहेब म्हणाले बाजूच्या बोअरचं पाणी भर आणि विहीर लिही. मी कोरडी लिहिलं. छापून आलेल्या रिपोर्टात दोन्ही विहिरींना पाण्याची पातळी होती, दशांशासकट.

आणि हे एका ऑफिसचं नाही. रत्नागिरीच्या बॉक्साइट खाणीचा तो रिपोर्ट आठवतोय का, ज्यात स्प्रूस आणि बर्चची जंगलं निघाली? रशियातल्या खाणीच्या रिपोर्टातनं उचललेला मजकूर. कोकणात स्प्रूस!! मूळ दुखणं एकच, २००६ च्या ईआयए नोटिफिकेशनमध्ये रिपोर्ट प्रकल्पवाल्यानंच करून घ्यायचा, पैसे त्यानंच द्यायचे, मग तेवीस वर्षांच्या पोरानं तिथं जाऊन काय करायचं? तिला सांगा यूपीएससीची जिओसायंटिस्ट परीक्षा दे, एकाच परीक्षेत जीएसआयचा जिओलॉजिस्ट आणि सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्डाचा हायड्रोजिओलॉजिस्ट दोन्ही येतात. नाही झालं तर पीएचडी. पण सही विकायची सवय पहिल्याच नोकरीत लागायला नको.

निरीक्षण_विहीर

मी भूजल सर्वेक्षण यंत्रणेत आहे, एक सांगू का, सरकारी नोकरी म्हणजे उत्तर असं समजू नका. जागा थोड्या, भरती कधी निघेल भरवसा नाही, पोरं परीक्षेच्या नादात तिशी गाठतात आणि तोवर हातोडा-कंपास विसरतात. आम्ही निरीक्षण विहिरी वर्षातनं चारदा मोजतो, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. हा डेटा कन्सल्टंटनं मागावा आणि स्वतःच्या मोजणीशी ताडून बघावा एवढीच माझी इच्छा. जो ताडून बघतो तो नव्वद टक्के वेळा जिओलॉजीचाच असतो.

सड्यावरची

मी कन्सल्टंट नाही, राजापूरकडची आहे, दोन जनसुनावण्यांना बसलेय. बाहेरनं कसं दिसतं ते सांगते. आमच्या हातात सारांश येतो मराठीत, वीसेक पानं, मुख्य रिपोर्ट सगळा इंग्रजी. त्यात आमचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, "पडीक जमीन" म्हणून लिहिलेला. तो पडीक नाही हो! पावसाचं पाणी जांभ्यातनं मुरतं, खाली शेडी, म्हणजे चिकणमातीचा थर, लागली की अडतं आणि सड्याच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर येतं, आमच्या वाडीचं पिण्याचं पाणी तेच, पोफळीची बाग त्याच्यावर. सडा खरवडला की झरा गेला. हे आमच्या बायकांना माहीत आहे, रिपोर्टात नव्हतं.

पहिल्या सुनावणीत मी विचारलं झऱ्यांचं काय, तर स्टेजवरचे एकमेकांकडे बघत राहिले. दुसरीत एक मुलगी उठली, तिनं जांभ्याचा आणि शेडीचा थर फळ्यावर काढून दाखवला आणि सरळ म्हणाली, या तीन झऱ्यांवर परिणाम होईल, आम्ही पावसाळ्यानंतरचा प्रवाह मोजलेला नाही, मोजायला हवा. कलेक्टर ऑफिसच्या माणसानं ते लिहून घेतलं. त्या मुलीला नोकरीत काय झालं मला माहीत नाही पण ती तिथं नसती तर आमचं बोलणं भावनिक म्हणून फायलीत गेलं असतं. म्हणून सोडून दिलंवाल्यांना विचारते, तुम्ही सगळे चांगले लोक सोडून गेलात तर आमच्यासमोर कोण बसणार?

सोडून_दिलं_२०१९

ताई तुमचा प्रश्न लागला मला, खोटं नाही सांगत. पण त्या मुलीला संरक्षण काय होतं? खरं बोलण्याचा भार पगारावर नव्यानं लागलेल्या पोरीवर टाकायचा आणि व्यवस्था तशीच ठेवायची, हे मला पटत नाही.

जर्सीतला_नगरकर

इथे न्यू जर्सीत पैसे तर प्रकल्पवालाच देतो, ज्यानं जमीन नासवली तोच कन्सल्टंट नेमतो. फरक लायसन्सचा. २००९ च्या कायद्यानं एलएसआरपी म्हणून, दूषित जागा साफ करून घेणाऱ्या तज्ज्ञासाठी, वैयक्तिक लायसन्स आलं, साइट साफ झाली की नाही यावर तो माणूस स्वतःच्या नावानं सही करतो, लोकांचं आरोग्य क्लायंटच्या आधी हे कायद्यात लिहिलंय आणि चुकला तर बोर्ड लायसन्स काढून घेतं. मी स्वतः जिओलॉजिस्ट, सुरुवातीची चार वर्षं ड्रिल रिगच्या बाजूला उभं राहून मातीचे कोअर लॉग करण्यात गेली, जानेवारीत बर्फात, मॉनिटरिंग वेलमधनं पाणी काढताना बोटं बधिर व्हायची. क्लायंटनं दबाव आणला की मी म्हणतो लायसन्स जाईल, विषय संपतो. आपल्याकडे नॅबेटचं (कन्सल्टन्सी कंपन्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) अ‍ॅक्रेडिटेशन आहे, त्यात एक्स्पर्टची नावंही असतात, पण सगळा डोलारा कंपनीच्या नावावर, नोकरी सुटली की माणसाच्या हातात काही नाही. भांडायचं तर यासाठी भांडा, पोरांना येऊ नका सांगून काय मिळणार.

माणदेशी_भूजल

नगरकर बरोबर बोललात. आणि सोडून दिलं, कोरड्या विहिरीचं जे झालं ते मी नाकारत नाही, माझ्यावरही पहिल्या वर्षी "परिणाम नगण्य" लिहायची वेळ आली होती आणि मी लिहिलं होतं. ते अजून टोचतं. तुमची एक गोष्ट मान्य, कुठलंही ऑफिस घे असं मी त्या मुलीला सांगणार नाही.

पण काम आता नुसतं मंजुरीचं राहिलेलं नाही हेही बघा. २०२५ च्या जुलैत दूषित जागांचे स्वतंत्र नियम आले, म्हणजे कारखान्याच्या आवारात जमिनीत काय मुरलंय, भूजलात कुठवर पोचलंय, ते शोधायचं आणि साफ करायचं. हे तर निव्वळ आपलं काम, बोअर कुठं घ्यायचा, जाळी किती खोलीवर ठेवायची, डाईकच्या, म्हणजे जमिनीखालच्या उभ्या खडक-भिंतीच्या, कुठल्या बाजूला पाणी अडलंय. इथं जुना रिपोर्ट उतरवून चालतच नाही, प्रत्येक जागेचा खडक वेगळा.

एमेस्सी_शेवटचं_वर्ष

दादा, मीच ती, आईनं लिंक पाठवली. सगळं वाचलं. येत्या गुरुवारी पुण्यात एका ऑफिसात इंटरव्ह्यू आहे. मी त्यांना काय विचारू म्हणजे कळेल की तिथं कोरड्या विहिरीत पाणी भरतात का?

माणदेशी_भूजल

फील्डबुक मागून बघ. गेल्या उन्हाळ्याची, हातानं लिहिलेली. पानं मळलेली, खाडाखोड असलेली निघाली आणि त्यात कुठं "कोरडी" लिहिलेलं दिसलं तर पुढचं बोल. क्लायंटचं गुपित आहे म्हणाले तर म्हण नाव झाका, नुसतं पान दाखवा. फील्डबुक ठेवतच नाही, डायरेक्ट एक्सेलमध्ये भरतो म्हणाले तर चहा पिऊन ये.

सोडून_दिलं_२०१९

आणि हेही विचार, फील्डचा आकडा रिपोर्टात बदलला तर तो कुणी बदलला याची नोंद राहते का. माझ्याकडे त्या आठ विहिरींचं फील्डबुक अजून आहे. नाव झाकून फोटो टाकतो संध्याकाळी, खरं पान कसं दिसतं ते बघून जा.