सम्राट, छत्रपती, पातशहा, सार्वभौम... नक्की फरक काय?

निळी शाई
मंडळी, एक लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच परिच्छेदात गाडी अडलीय. मराठ्यांच्या सत्तेला म्हणायचं काय? कुठे स्वराज्य, कुठे मराठा साम्राज्य, कुठे मराठेशाही, इतिहासकार सरदेसायांनी तर रियासत म्हटलंय. आणि सार्वभौम म्हणजे सगळ्यात मोठा की नुसता स्वतंत्र? चक्रवर्ती राजा पण सार्वभौम आणि आजचा नेपाळ पण सार्वभौम, हे कसं काय? शब्दकोश बघून झाले, ते याचा अर्थ तो आणि त्याचा अर्थ हा असं देतात. कोणीतरी जरा सोडवून सांगा.

बखरवाला
सार्वभौमपासून सुरू करतो कारण खरी गंमत तिथेच आहे. मुळात सर्व भूमीचा धनी तो सार्वभौम, अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, तो चक्रवर्तीच्या शेजारीच बसलाय आणि बाकीचे राजे नुसते मंडलेश्वर, म्हणजे आपापल्या प्रांताचे धनी. सम्राट व्हायला तर अजून कडक अटी, राजसूय यज्ञ केलेला पाहिजे आणि इतर राजे त्याच्या हुकमात पाहिजेत. म्हणजे आपल्याकडे मुलूख किती यापेक्षा आपल्यापुढे वाकतं कोण यावर पदवी ठरायची. आता संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'सार्वभौम' आहे (हिंदीत तिथे संपूर्ण प्रभुत्व-संपन्न घेतलंय), त्याचा अर्थ काय आपण पृथ्वी जिंकली असा नाही, आमच्या डोक्यावर कोणी नाही एवढाच. पूर्वी खाली सगळे असायला लागायचे, आता वर कोणी नसलं की झालं. म्हणून नेपाळ पण सार्वभौम.

आणि पदवीवरून राज्याचा अंदाज अजिबात बांधू नका हां. आपण सर्रास सम्राट अशोक म्हणतो पण शिलालेखांत तो स्वतःला देवानंपिय पियदसि (देवांचा लाडका प्रियदर्शी) राजा म्हणवतो, बस्स राजा. उलट नंतरच्या ताम्रपटांत परमभट्टारक महाराजाधिराज परमेश्वर अशी आगगाडी असते आणि मुलूख बघायला गेलं तर अशोकाच्या एका कोपऱ्यात मावेल.

मोडी लिपीतला
वरच्यांशी सहमत, मी मराठ्यांपुरतं लिहितो. स्वराज्य शब्द आता आपण छाती फुगवून वापरतो पण अठराव्या शतकातल्या कागदांत तो चक्क महसुलाचा शब्द आहे. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदा आणल्या त्या तीन होत्या, स्वराज्याची, चौथाईची आणि सरदेशमुखीची. स्वराज्य म्हणजे थोरल्या महाराजांच्या (शिवाजी महाराजांच्या) वेळचा मुलूख, तो आपला. बाकी दख्खनचे सहा सुभे म्हणजे मोगलाई, तिथे महसुलातून चौथ २५ टक्के आणि वर सरदेशमुखी १० टक्के घ्यायची पण मुलूख कागदोपत्री बादशहाचाच. मग पुढे उत्तरेत जे झालं ते ताकदीने बघाल तर साम्राज्य, पण कागदावर तसा दावा केलेलाच नाही. १७८४ ला महादजी शिंद्यांच्या हातात दिल्लीचा कारभार आला तेव्हा पद काय घेतलं, तर वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा मुखत्यार, आणि तेही पेशव्यांच्या नावाने, स्वतः नायब, म्हणजे दुय्यम. बादशहाला हलवलं नाही. इंग्रज तरी कुठे वेगळे, कंपनीच्या बंगालच्या रुपयावर १८३५ पर्यंत शाह आलमचं नाव होतं आणि तो बिचारा १८०६ लाच गेलेला!

म्हणूनच १६७४ चा राज्याभिषेक मला या सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. मुलूख लहान, पण नाव स्वतःचं, शक स्वतःचा, नाण्याच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. बखरकार सभासदाला हे सांगायचं होतं तेव्हा त्याने लिहिलं 'मऱ्हाटा पातशहा येवढा छत्रपती जाहला'. त्या काळच्या माणसाला सर्वोच्च सत्ता म्हणजे पातशहाच डोळ्यापुढे यायचा ना, मग तीच मोजपट्टी लावली. आता कोणी महाराजांना पातशहा म्हटलं तर लोक अंगावर येतील.

उगाच बोलणारा
इतकं गंभीर चाललंय म्हणून जरा माझं पण. मराठी पेपरात साम्राज्य कुणाचं असतं? खड्ड्यांचं, कचऱ्याचं, अंधाराचं. आणि सम्राट कोण, साखरसम्राट आणि शिक्षणसम्राट. राजसूय कुठे केला यांनी काय माहीत 😄 बरं ती आदिलशाही, निजामशाहीतली शाही आपण नोकरशाही, घराणेशाही करत करत लोकशाहीला पण लावली, म्हणजे शाह गेला पण शेपूट राहिलं. हिंदीवाले लोकतंत्र म्हणून सुटले. आणि मोगलाई तर बघा, वर दादांनी सांगितलेला हिशेबाचा शब्द, आज कोणी मनमानी केली की आपण म्हणतो इथे काय मोगलाई लागून गेलीय का.

निळी शाई
वा, भारीच. मग व्हिक्टोरिया राणीला कैसर-इ-हिंद, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी, का केलं? सत्ता तर आधीपासून होतीच की.

बखरवाला
सत्ता होती, पदवी नव्हती. १८५८ ला शेवटचा मोगल बादशहा बहादूरशाहला रंगूनला धाडल्यावर ती जागा रिकामीच होती. १८७६ ला पार्लमेंटात कायदा आणि १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबार. कैसर म्हणजे रोमचा सीझरच, फारसी-अरबीतून इकडे आधीच ओळखीचा, आणि पातशहा शब्द परत वापरायची भानगड पण टळली. आणि गंमत म्हणजे इंग्लंडच्या राजाने हिंदुस्थानच्या सम्राटाची पदवी सोडली ती १९४८ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही काही महिने ती होतीच.

मोडी लिपीतला
शाईराव, लेखात शिवकाळासाठी स्वराज्य बिनधास्त लिहा. १७१९ नंतरचं लिहिताना साम्राज्य लिहायला माझी हरकत नाही, पण त्याच परिच्छेदात चौथाईचा मुलूख आणि स्वतःचा मुलूख वेगळा दाखवा, नाहीतर नकाशात अटकेपर्यंत सगळं एकाच रंगात रंगवतात तसं होईल.