प्लोवदिव्ह: अर्धा दिवस पुरत नाही

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की रोमन नाट्यगृह आणि रंगवलेली जुनी घरं पाहिली की बल्गेरियातलं प्लोवदिव्ह शहर अर्ध्या दिवसात आटोपतं. नाट्यगृह सुंदरच आहे, पण बाकीचं मला अजिबात पटत नाही. या शहराचा निम्मा जीव पायाखाली आहे. पहिल्याच संध्याकाळी मुख्य पादचारी रस्त्यावरून जुमाया मशिदीपाशी पोचलो, तर रस्ता मध्येच उघडा आणि खाली संगमरवरी पायऱ्या अर्धवर्तुळात उतरलेल्या. ते साधारण 240 मीटर लांबीच्या रोमन स्टेडियमचं एक टोक. उरलेलं, आपण ज्या दुकानांसमोरून चालत आलो त्यांच्याच खाली! मी तिथे कितीतरी वेळ नुसता उभा होतो.

इथे अजून कुणी उल्लेख केला नाही म्हणून सांगतो, बिशपची बॅसिलिका चुकवू नका. चौथ्या-पाचव्या शतकातलं चर्च, 2021 पासून लोकांसाठी खुलं. जमिनीवर मोझॅइकचे, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्रांचे, दोन थर, एकावर एक, आणि त्यात शंभराहून जास्त पक्षी. मोर तर पिसाऱ्यासकट ओळखू येतो. किमान दोन तास ठेवा. आणि जुन्या भागात चढउताराचे, गोट्यांचे रस्ते आहेत, बूट चांगल्या पकडीचे घाला.