शब्दचर्चा : संवाद, मुनाजरा की मजलस?

एका भाषांतरात अडकलेय, मदत हवीये. ख्रिस्ती आणि मुस्लिम अभ्यासक समोरासमोर बसून धर्म नि तत्त्वज्ञान यावर बोलायचे, अशा भेटींच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय. सगळीकडे 'आंतरधर्मीय संवाद' टाकत गेले आणि दहाव्या पानावर माझाच मला कंटाळा आला. एक तर आंतरधर्मीय म्हटलं की आपल्याकडे पुढचा शब्द 'विवाह'च येतो, आणि संवाद तर इतका गुळगुळीत झालाय की सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून झालेल्या कचाकचीलाही नोटिशीत 'सदस्यांशी संवाद' म्हणतात. शिवाय लेखातली माणसं नुसती गोड बोलत नाहीयेत, मुद्द्यावरून चांगली जुंपलीये त्यांची. बरं 'वाद' म्हणावं तर बाह्या सरसावल्यासारखं वाटतं. सुचवा काहीतरी.

— संवादाला एवढी नावं ठेवू नका हो ताई. गाण्यातला संवादी स्वर आठवा, वादी आणि संवादी हे एकच सूर नसतात, दोघांत चांगलं अंतर असतं तरी जमतं. तुमच्या लेखातल्या लोकांचं तेच चाललंय ना? 'वाद'सुद्धा मूळचा वाईट नाही, न्यायशास्त्रात (कोर्टाच्या नव्हे, आपल्या जुन्या तर्कशास्त्रात) वाद, जल्प आणि वितंडा असे तीन वेगळे प्रकार आहेत आणि त्यातला वाद खरं काय ते शोधायलाच असतो, जिंकायला असतो तो जल्प. आपण जल्प विसरलो आणि त्याचं पाप वादाच्या माथी मारलं.

— उर्दू वाचणाऱ्यांकडून भर घालतो. आमच्या रत्नागिरीकडे मौलवी मंडळी अशा भेटीला मुनाजरा म्हणतात. आत बसलाय 'नजर', म्हणजे एकमेकांचं म्हणणं नजरेखालून घालणं असा मूळ भाव. कोर्टातला नाजर त्याच धातूचा, मंजूरही त्याचाच. पण शब्द आता फार आखाड्यातला झालाय. 1854 च्या एप्रिलमध्ये आग्र्याला जर्मन मिशनरी फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा गाजलेला मुनाजरा झाला, विषय होता तहरीफ, म्हणजे बायबलच्या मूळ पाठात फेरफार झालाय का, आणि दोन दिवसांत संपला. त्याला संवाद म्हणालात तर दोन्ही बाजू रागावतील. 'बहस' कसा वाटतो? मूळ अरबीत उकरणं, शोधणं. कुराणात कावळा जमीन उकरतो तिथे हेच क्रियापद आहे.

— मुनाजरा भारी आहे! म्हणजे नजराणा पण त्यातलाच?

— नाही नाही, तिथे सगळे फसतात. नजराणा आलाय 'नज्र'वरून, नवस किंवा अर्पण, त्यातला ज अरबीत वेगळ्या अक्षराचा. देवनागरीत दोन्ही ज सारखेच दिसतात म्हणून हा घोळ. आणि भांडणाचाच शब्द हवा असेल तर आपली 'तक्रार' बघा, अरबीत नुसतं पुन्हा पुन्हा म्हणणं. मदरशात मुलं संध्याकाळी झालेला धडा एकमेकांना परत म्हणून दाखवतात त्याला आजही तकरारच म्हणतात. मराठीत येईपर्यंत तिला अर्ज जोडला गेला.

— माझं मत मजलस, म्हणजे मजलिस, बैठक. का ते सांगतो, जरा लांबेल.

नसिबीन म्हणून गाव आहे, आता तुर्कस्तानात, सीरियाच्या हद्दीला अगदी चिकटून. तिथे इलिया नावाचे बिशप होते, पूर्वेकडच्या सिरियाक चर्चचे (सिरियाक ही तिकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी धर्मभाषा). 1026 च्या जुलैत अबुल कासिम अल मगरिबी हा वजीर तिथे आला आणि दोघांच्या सात बैठका झाल्या. बिशपनी त्या नंतर आपल्या भावासाठी लिहून काढल्या, पुस्तकाचं नावच 'किताब अल मजालिस', मजालिस हे मजलिसचं अनेकवचन. धातूचा अर्थ फक्त बसणं. आपला जलसा पण त्याच धातूचा आहे, सत्यशोधकी जलसा म्हणताना कुणाला बगदाद आठवत नाही एवढंच. हे नाव बोलण्यावरून किंवा भांडण्यावरून नाही, बसण्यावरून आलंय हे मला फार आवडतं. बसलात की मग भांडा, सिरियाक व्याकरण चांगलं की अरबी यावर बोला, त्या सात बैठकांत तेही झालं.

आणि शब्दचर्चेच्या धाग्यावर हे सांगायचं खास कारण म्हणजे पहिल्याच बैठकीत गाडी एका शब्दावर अडली, तो शब्द 'जौहर'. फारसी गौहरचं अरबी रूप, त्याचं अनेकवचन जवाहिर, म्हणजे आपलं जवाहीर, जवाहिऱ्या. (राजपुतांचा जौहर वेगळा, तो जतुगृह म्हणजे लाखेच्या घराशी जोडतात.) फारसीत गौहर म्हणजे रत्न आणि वस्तूचं मूळ सत्त्वही. ख्रिस्ती भाषांतरकारांनी ॲरिस्टॉटलचे ग्रंथ अरबीत आणताना 'स्वतःच्या बळावर असलेलं तत्त्व' यासाठी जौहर वापरला आणि मग देवालाही जौहर म्हणू लागले. इकडे कलाम शास्त्रवाल्या, म्हणजे तर्काने धर्मतत्त्वं मांडणाऱ्या मुस्लिम पंडितांच्या लेखी जौहर म्हणजे जागा व्यापणारा, गुणधर्म अंगावर घेणारा कण. म्हणजे ख्रिस्ती माणूस म्हणतोय देव स्वयंभू आहे आणि समोरच्याला ऐकू येतंय देव म्हणजे एक कण आहे! वजीर तेच विचारतो, आणि बिशप सांगतात की बाबा रे, आमच्या सिरियाक शब्दाला तुमच्या अरबीत नेमका शब्द नाही म्हणून हा घेतला, आम्हाला 'स्वतःने उभा असलेला' एवढंच म्हणायचंय. हजार वर्षांपूर्वीचा भाषांतरकाराचा खुलासा आहे हा, ताई, तुमच्याच कामातला.

— वाचून अंगावर काटा आला. आम्ही वसईचे, लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात 'एक देव, तीन व्यक्ती' शिकलो. शाळेतला मुस्लिम मित्र विचारायचा, तीन माणसं म्हणजे तीन देव नाही का रे? मी चिडायचो. आता कळतंय की घोटाळा 'व्यक्ती' शब्दात होता, मराठीत व्यक्ती म्हणजे सरळ रेशनकार्डावरचा माणूस. अरबी ख्रिस्ती लोकांनी तिथे 'उक्नूम' हा सिरियाक शब्द तसाच उचलला, भाषांतराच्या भानगडीतच पडले नाहीत, शहाणे.

— एक शंका, ही सगळी वृत्तांतं कुणी लिहिली? नसिबीनची बिशपनी लिहिली म्हणून बिशपांची उत्तरं सुंदर. त्याआधी 781-82 च्या सुमारास बगदादमध्ये खलिफा अल महदी आणि त्याच पूर्वेकडच्या चर्चचे प्रमुख (पॅट्रिआर्क) तिमथी दोन दिवस बोलले तेही तिमथींच्याच पत्रातून कळतं. तिथे मोत्याचा दृष्टांत आहे, अंधाऱ्या घरात मोती पडलाय, जो तो चाचपडून काहीतरी उचलतो आणि मोती माझ्याच हातात म्हणतो, उजाडल्यावरच कळणार. आणि जहांगीरच्या रात्रीच्या बैठकींत गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्रींशी चर्चा व्हायच्या त्या टिपल्या अब्दुस सत्तार लाहोरीने, तिथे अर्थातच पाद्री निरुत्तर होतात. या गृहस्थाची गंमत अशी की हाच पाद्री जेरोम झेवियरला फारसी लेखनात मदत करत होता. त्याच्या वहीचं नाव 'मजालिस-ए-जहांगीरी', म्हणजे मजलसवाल्यांना आणखी एक मत मिळालं.

— आणि 2007? 138 मुस्लिम विद्वानांनी पोप आणि इतर ख्रिस्ती धर्मगुरूंना पत्र लिहिलं त्याचं नाव कुराणातल्या 'कलिमतिन सवा'वरून आलंय. मराठीत कलमा म्हणजे पढायचा तो, एवढंच माहीत, पण मूळ अर्थ साधा 'शब्द'. सवा म्हणजे समान, आपल्या सव्वाशी संबंध नाही, तो संस्कृत सपाद. तुमच्या लेखात हे पत्र असेल तर 'समान शब्द' करा, 'समान सूत्र' वगैरे नको, त्यातला शब्द हरवू नका.

— धागाकर्तीकडून: आहे ते पत्र लेखात, आणि मी समान सूत्रच केलं होतं, बदलते. मजलस फार आवडला पण संपादक म्हणतायत वाचकाला कळणार नाही. म्हणून नसिबीन, बगदाद नि जहांगीरसाठी 'बैठक' घेतेय, पहिल्या उल्लेखाला मजलस देऊन. आग्र्याला मुनाजराच ठेवते. आंतरधर्मीय पूर्ण काढला, 'ख्रिस्ती-मुस्लिम' असं सरळ लिहिलं की भागतं.

— बैठक म्हटल्यावर लोकांना बैठकीची लावणी आठवेल हां.

— धागाकर्तीकडून: आठवू दे की, लावणीतही सवाल-जवाब असतातच, आणि ते दोन्ही शब्द अरबीच. जौहरला काय करू ते मात्र अजून ठरत नाहीये. 'द्रव्य' लिहिलं तर वैशेषिकवाले अंगावर येतील, 'सत्त्व' लिहिलं तर सांख्यवाले, त्या त्या दर्शनाचे ते ठरलेले पारिभाषिक शब्द ना.